हयातीचा दाखला

मराठी घरांतील भिंतींची म्हणून एक जुनी वहिवाट होती. दिवाणखान्यात पाऊल टाकणाऱ्याची नजर सहज वर जाईल इतक्या उंचीवर, वरच्या खिळ्याला दोरीने जखडून किंचित पुढे झुकविलेल्या तसबिरींची जी ओळ असे, तिच्यात पहिला मान देवादिकांचा. १८९४ साली मुंबईस सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून घरोघर पोहोचलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती त्या ओळीच्या मध्यभागी असत, त्यांच्या एका अंगास लोकमान्य टिळक, आणि मग घराण्यातील ते स्त्रीपुरुष, ज्यांच्या निधनाची तिथी मागे राहिलेल्यांनी तसबिरीच्या तळाशी सुबक अक्षरांत लिहवून घेतलेली असे. हयात माणसाला त्या ओळीत सहसा प्रवेश नसे. लग्नातील जोडप्याचे एखादे छायाचित्र हा काय तो अपवाद. बाकी जिवंत माणसे कपाटातील अल्बमात, ट्रंकेच्या तळाशी किंवा पोस्टाच्या जुन्या पाकिटांत असत, आणि पाहुणे आले म्हणजे ती छायाचित्रे बाहेर काढून, हा कोण, ही कोणाची, हे कुठल्या साली, असे सांगत हातोहात फिरविली जात. मुंबईत छायाचित्रणाची सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे एतद्देशीय गृहस्थ तिच्या कारभारात भाग घेऊ लागले, तेव्हापासून ही कला आमच्याकडे नांदते आहे. पण भिंत गेलेल्यांची आणि पेटी असलेल्यांची, ही वाटणी तिने फारशी मोडली नव्हती.

ती वाटणी आमच्या डोळ्यांदेखत एका लहानशा वस्तूने मोडली. टीपॉयवर किंवा दूरचित्रवाणीच्या शेजारी उभी केलेली, दहा इंचांच्या पडद्याची, भिंतीतील विजेवर चालणारी आणि घरातील वायफायच्या आधारे दूरदेशीची छायाचित्रे आपल्या पडद्यावर उतरवून घेणारी बिनतारी फोटोफ्रेम आज सांगली-मिरजेसारख्या गावांतूनही पुष्कळ घरांत दिसते, आणि ज्या घरातील मुले समुद्रापलीकडे गेली आहेत तेथे ती हटकून असते. पाठविणाऱ्याने आपल्या फोनमधील ॲपवर एक छायाचित्र निवडावे, आणि ते काही क्षणांत दुसऱ्या खंडातील एका खोलीत उजळावे, इतका हा साधा व्यवहार आहे. कल्पना अगदी कालची नव्हे. सन २००० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सीव्हा या कंपनीने जी फ्रेम काढली, ती घरच्या दूरध्वनीच्या तारेला जोडावी लागे आणि रात्री स्वतःच क्रमांक फिरवून दिवसभरात आलेली छायाचित्रे उतरवून घेई. वृद्ध मातापित्यांना संगणक शिकावा न लागता नातवंडे दिसावीत, हा हेतू तेव्हाही होता आणि आजही तोच आहे. मला हा हेतू मनापासून आदरणीय वाटतो. पाहणाऱ्याकडून काहीही न मागता जी वस्तू त्याला त्याच्या माणसांचे दर्शन घडविते, तिच्या कर्त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या संकोचाचा विचार केलेला आहे असे मी समजतो.

मात्र या वस्तूच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करताना एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. तिला ग्राहक दोन असतात. एक पैसे देऊन ती विकत घेतो आणि दुसरा तिच्यासमोर बसतो. आणि या दोघांमध्ये पुष्कळदा हजारो मैलांचे अंतर असते. विकत घेणाऱ्याचा अनुभव पहिल्या आठवड्यातच पुरा होतो. खोके उघडले, जोडणी झाली, आईने फोनवर आनंद व्यक्त केला, की तो आपला अभिप्राय देऊन मोकळा होतो, आणि तो अभिप्राय पुढच्या खरेदीदाराच्या दृष्टीने प्रमाण ठरतो. समोर बसणाऱ्याचा अनुभव त्यानंतर सुरू होतो, वर्षानुवर्षे चालतो, आणि त्याची कैफियत कोणी लिहून घेत नाही. मी ही कैफियत माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरी जवळून पाहिली.

आक्का मिरजेत राहते. सतारमेकर गल्लीपासून फार दूर नसलेला तो सासरचा जुना वाडा आता अर्धाअधिक मोडकळीस आला आहे; राहत्या भागात पुढची सोप्याची खोली, माजघर आणि स्वयंपाकघर. तिचे यजमान, आमचे दाजी, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. माझा भाचा, त्यांचा एकुलता मुलगा, न्यू जर्सीत एडिसन येथे नोकरीस आहे, आणि दाजी हयात असतानाच त्याने ही फ्रेम घेऊन, आपल्या घरी तिची सगळी मांडणी करून, येणाऱ्या एका स्नेह्याच्या हाती मिरजेस धाडली. पहिल्याच दिवसापासून दाजी चकित झाले ते एका विलक्षण प्रकाराने. सकाळी देवपूजा आटोपून ते खुर्चीवर येऊन बसत, तोच साडेसातच्या सुमारास फ्रेम काळी पडे, दिवसभर तशीच राही, दुपारचा चहा झाल्यावर साडेचारला उजळे आणि रात्रभर अंधाऱ्या सोप्यात एकटी चमकत राही. भाच्याने तिची झोपेची वेळ रात्री दहा ते सकाळी सात अशी ठरविली होती, पण ते घड्याळ एडिसनचे होते. उन्हाळ्यात ते आपल्या घड्याळाच्या साडेनऊ तास मागे असते, आणि फ्रेम अतिशय इमानाने अमेरिकेच्या रात्री मिरजेत झोपत होती. दाजींना कारण समजले तेव्हा त्यांनी ती वेळ लगेच बदलू दिली नाही. मुलाकडे आता रात्र आहे हे न विचारता कळते, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि मला आठवते, त्या उन्हाळ्यात भाच्याला फोन करण्यापूर्वी दाजी घड्याळाऐवजी फ्रेमकडे पाहत.

दुसरी अडचण वाड्याच्या भिंतींची. दीड हात रुंदीच्या, दगडामातीच्या त्या भिंतींनी उन्हाळ्यात गारवा दिला, पण वायफायच्या लहरींना वाट दिली नाही. राउटर माजघरात, फ्रेम सोप्यात. हल्लीचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात. पहिल्या पट्ट्यावर माहिती सावकाश वाहते, पण त्याच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतींतून त्यातल्या त्यात बऱ्या पार होतात; दुसऱ्या पट्ट्यावर माहिती वेगाने वाहते, पण त्याच्या लहरी लवकर थकतात. आणि बेताच्या किमतीच्या पुष्कळशा फ्रेमना यांतील पहिलाच पट्टा तेवढा समजतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असले की फ्रेमची जोडणी अडते, आणि बिचाऱ्या घरधन्याला वाटते की आपण पासवर्डच चुकीचा टिपला. मग तो पडद्यावरील चिमुकल्या इंग्रजी अक्षरांवर वृद्धत्वाने रुक्ष झालेले बोट पुन्हा पुन्हा टेकवितो, आणि त्या बोटाचा स्पर्श पडद्याला कधी समजतो, कधी नाही. ज्या वस्तूचा सगळा डौल म्हाताऱ्या माणसांना काही करावे लागू नये यात आहे, तिच्या दारात त्यांच्यासाठी हीच एक उंच पायरी ठेवलेली आहे, याचे मला वाईट वाटते.

पुढे एकदा आक्काने मला तातडीने बोलावून घेतले. पडद्यावर डोकी नसलेली माणसे दिसत होती. भाच्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचे ते छायाचित्र. पूजेला बसलेली जोडी, मागे उभे आप्तेष्ट, आणि सगळ्यांच्या धडांवर काहीच नाही. आक्काने त्या दिवशी फ्रेमवर पदर टाकावा तसा टॉवेल टाकून ठेवला होता. कारण अगदी हिशेबाचे होते. फोन उभा धरून काढलेल्या छायाचित्राची रुंदी तीन तर उंची चार. आडव्या फ्रेमच्या पडद्याचे प्रमाण सोळास दहा. पडदा काठोकाठ भरण्याचा हुकूम दिलेला असला म्हणजे त्या उभ्या छायाचित्राचा निम्म्याहून अधिक भाग वरून आणि खालून छाटला जातो, आणि वरच्या भागात माणसांची डोकी असतात. फ्रेमच्या सेटिंगमध्ये एक खूण बदलली की सगळे छायाचित्र आक्रसून पुरे दिसते, दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतात इतकेच. ती खूण मी बदलली. आक्काने टॉवेल काढला, एकेक चेहरा बोटाने मोजला आणि मगच ती आत गेली. विकणाऱ्यांना काळे पट्टे विद्रूप वाटतात म्हणून ते भरलेला पडदा पसंत करीत असतील. पण ज्या घरात वास्तुशांतीच्या चित्रातील शिरे नाहीशी होणे हा अपशकुन आहे, त्या घराची रीत त्यांनी विचारावयास हवी होती.

याहून अवघड प्रसंग दाजींच्या निधनानंतर आला. दाजी आणि आक्का एकदा सहा महिने एडिसनला राहून आले होते, आणि त्या मुक्कामातील दाजींची छायाचित्रे त्या फ्रेममध्ये पुष्कळ होती: कानटोपी घालून अंगणातील बर्फ फावड्याने ओढणारे दाजी, नातीच्या रंगपेटीतून काहीतरी रंगविणारे दाजी, कलिंगडाची फोड हातात धरून रस कोपरापर्यंत ओघळलेले दाजी. दिवसकार्य चालू असताना आलेल्यागेलेल्यांपुढे ती छायाचित्रे एकामागून एक येऊ लागली. नातलगांतील दोघांनी आग्रह धरला की ही काढून टाकावीत, निदान वर्षश्राद्धापर्यंत. भिंतीवर चंदनी हाराची तसबीर लावली आहे ती पुरे. भाचा त्या वेळी मिरजेतच होता, त्याने आईला विचारले. आक्का म्हणाली, "भिंतीवर आहेत ते कचेरीतले. हे घरातले आहेत. राहू देत." भिंतीवरची तसबीर खरोखरच निवृत्तीच्या समारंभातील होती, कोट घातलेली, ओठ मिटलेली. आक्काने त्या दोन्हींना आपापली जागा दिली, आणि आजही कलिंगड खाणारे दाजी पडद्यावर आले म्हणजे ती हातातले काम क्षणभर थांबविते.

परंतु सर्वांना हे सोसेलच असे नाही. माझ्या परिचयाच्या एका घरात तरुण मुलगा अपघातात गेला. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, घर जेमतेम सावरत असताना, एका सकाळी फ्रेमने त्याचे हसरे छायाचित्र पुढे आणले, आणि त्याच्या आईने ती वस्तू बंद करून कपाटात ठेवली ती पुन्हा बाहेर काढली नाही. यंत्राला तिथी कळत नाही आणि सुतक कळत नाही. ते आपल्या साठ्यातून हाताला येईल ते उचलते. यात यंत्राचा दोष नाही. पण कोणते छायाचित्र दिसावे आणि कोणते काही काळ आड ठेवावे, याचा अधिकार समोर बसणाऱ्याच्या हाती असावयास हवा, आणि त्यासाठी पडद्यावर त्याच्या भाषेत एक स्पष्ट आज्ञा हवी, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. आक्काच्या फ्रेमवर ती सोय आहे, पण इंग्रजीत, आणि तीन पडद्यांच्या आत दडलेली. विकत घेणाऱ्यास ती सापडते. ज्याला तिची गरज पडते त्याला सापडत नाही.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे हे सगळे लिहावेसे वाटले.

एका मे महिन्यात वळवाचा पाऊस विजांसह कोसळला आणि आक्काचा राउटर जळाला. इंटरनेटवाल्याने चार दिवसांनी नवा आणून बसविला. त्याचे नाव नवे, पासवर्ड नवा. शेजारच्या मुलाने आक्काच्या फोनमध्ये तो घालून दिला, व्हॉट्सॲप सुरू झाले, आणि सर्वांच्या लेखी काम संपले. फ्रेमची आठवण कोणालाच झाली नाही, कारण फ्रेम चालूच होती. या वस्तूची घडण अशी आहे की आलेली छायाचित्रे ती आपल्याजवळ साठवून ठेवते, आणि बाहेरचा संबंध तुटला तरी साठ्यातील छायाचित्रे फिरवीत राहते. कोठे एखादी बारीक खूण उमटत असेल. सत्तरी ओलांडलेल्या नजरेला ती दिसत नाही. फ्रेमवर पूर्वीप्रमाणे नात हसत होती, दाजी बर्फ ओढत होते. नवे तेवढे काही येत नव्हते.

आक्काला हे दोन-तीन आठवड्यांत जाणवले. तिने कोणाला विचारले नाही. मुलाशी तिचे आठवड्यातून दोनदा बोलणे होत असे. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, गॅसचा सिलिंडर, वाड्याच्या हिश्शाचा रेंगाळलेला मामला, सगळे येई, पण तू छायाचित्रे का पाठवीत नाहीस, हा प्रश्न तिने काढला नाही. कारण तो प्रश्न तिच्या दृष्टीने मागणी होती, आणि आमच्या आक्काने जन्मात कोणापाशी काही मागितलेले नाही. तिकडे भाचा नियमाने पाठवीत होता. फ्रेमवर बोट टेकविले की पाठविणाऱ्याच्या फोनवर बदामाची एक खूण जाते. आक्का ती पूर्वी कधीमधी पाठवी, ती थांबली, तेव्हा वडिलांच्या मागे आईचे यातून मन उडाले असावे, असे त्याने ठरविले. आवडले का, असे विचारणे म्हणजे आपल्या पाठविण्याची पावती मागणे, असे त्याला वाटले, आणि त्यानेही तो विषय काढला नाही. अशा रीतीने एकमेकांवर जीव असलेली दोन माणसे, दोघेही नेमाने फोन करीत असता, एकमेकांविषयी एक खोटी समजूत उराशी बाळगून अडीच महिने राहिली, आणि त्या समजुतीला आधार होता तो एका सुरळीत चालणाऱ्या पडद्याचा.

श्रावणात मी मिरजेस गेलो. बाहेर पावसाची झड लागली होती, आणि पडद्यावर नात लोकरी टोपी घालून बर्फात उभी होती. ते छायाचित्र गेले, दुसरे आले; तेही हिवाळ्यातलेच. न्यू जर्सीत तेव्हा भर उन्हाळा चालू असणार, हे माझ्या ध्यानात आले.

"आक्का, नवे फोटो येत नाहीत का गं?"

"पोरं कामात असतात रे. आहेत तेवढे पुष्कळ आहेत मला."

मी फ्रेमच्या सेटिंगमध्ये शिरून जुन्या राउटरचे नाव पुसले आणि नव्याचे घातले. थोडा वेळ काही झाले नाही. मग आक्काच्या डोळ्यांसमोर गेल्या अडीच महिन्यांची छायाचित्रे एकापाठोपाठ उतरू लागली: शाळेचा शेवटचा दिवस, समुद्रकिनारा, नातीचा पडलेला पहिला दात आणि तो तळहातावर धरून काढलेला तिचा फोटो, घराच्या मागील दारी लावलेली मेथी, मुलाच्या कपाळावर नव्याने दिसू लागलेले टक्कल. आक्काने प्रथम छायाचित्रांकडे पाहिलेच नाही. तिने मला विचारले, "म्हणजे तो पाठवत होता?" मी प्रत्येकाखालची तारीख तिला वाचून दाखवावी असा तिने हट्ट धरला, आणि मे, जून, जुलै अशी प्रत्येक महिन्याची तारीख ऐकून झाल्यावर मग ती खुर्ची पुढे ओढून दात पडलेल्या नातीचे मुख पाहू लागली. त्या रात्री तिने मुलाला स्वतः फोन लावला. काय बोलली ते मला ठाऊक नाही, मी आत माजघरात होतो. पण बोलणे नेहमीपेक्षा पुष्कळच लांबले.

निवृत्तिवेतन घेणाऱ्या घरांत नोव्हेंबर महिना आला की हयातीच्या दाखल्याची आठवण होते. दाजी दर नोव्हेंबरात धुतलेला सदरा घालून बँकेत जात आणि यादीतील आपल्या नावासमोर सही करून येत. त्यांच्या मागे आता आक्का कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तशीच जाते. तिचे हात कापतात, पण त्या सहीची तिला अपूर्वाई आहे, कारण आपण आहोत याची कोठेतरी नोंद झाली असे तिला वाटते. दूरदेशीचे मूल आपल्या आईला जी छायाचित्रे पाठविते, ती माझ्या मते असा हयातीचा दाखलाच होय: मी येथे आहे, बरा आहे, ही माझी मुलगी, हे माझे अंगण. पण सरकारी दाखला खोळंबला तर वेतन थांबते, आणि ते थांबले की चौकशी सुरू होते; फ्रेममधील दाखला खोळंबला तर काहीच थांबत नाही, जुनी छायाचित्रे पूर्ववत हसत राहतात, आणि म्हणून चौकशीही होत नाही. पोस्टाच्या काळात न पोहोचलेले पत्र कारणाचा शेरा घेऊन धाडणाऱ्याकडे परत जाई, आणि ज्याला खात्री हवी असे तो पोचपावतीचे पैसे भरी. बिनतारी फ्रेम बनविणाऱ्यांनी निदान इतके तरी करावे, की संबंध तुटल्यास पाठविणाऱ्याला त्याच दिवशी तसे कळावे आणि पाहणाऱ्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत त्याचा खुलासा यावा. माझ्या दृष्टीने या वस्तूचा सर्वांत गंभीर दोष हाच आहे, आणि किंमत, रंग, पडद्याचा तेजस्वीपणा यांची सगळी तुलना त्यापुढे दुय्यम आहे.

या वस्तूकडे जतनाची जबाबदारी सोपविणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. आक्काच्या फ्रेमच्या पडद्यावर आडवे १२८० आणि उभे ८०० बिंदू, म्हणजे एकूण १०,२४,००० बिंदू बसतात. साधारण फोनमधील छायाचित्रात सव्वा कोटीच्या आसपास असतात. पुष्कळ सेवा छायाचित्र पाठविताना ते पडद्यापुरते लहान करतात, आणि फ्रेममध्ये राहते ती ही लहान प्रत. चार बाय सहा इंचांची चांगली कागदी प्रत काढावयाची तर दर इंचास ३०० बिंदू या मानाने २१,६०,००० बिंदू लागतात, म्हणजे पडद्यावर जे उत्तम दिसते ते कागदावर तितके स्वच्छ उतरणार नाही. शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र फ्रेममध्ये टाकले, तर ते काढल्याच्या वेळेची नोंद वाटेतच गळून जाते. जुन्या कागदी छायाचित्राची फोनने काढलेली प्रतही नवीच तारीख घेऊन येते: आक्काच्या लग्नाचे जुने कृष्णधवल छायाचित्र फोनने टिपून भाच्याने पाठविले, त्याखाली कालपरवाची तारीख उमटली. आक्काला ती कोणती हे सांगण्याची गरज नव्हती, पण तिच्या नातीला पुढे कोण सांगणार?

आणि ज्या ऑनलाइन दप्तरात मूळ प्रती असतात ते दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात असते. छायाचित्रे दूरच्या कचेरीवर सोपविण्याची ही रीत जुनी आहे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरांना विकावयास काढला, त्यात शंभर छायाचित्रांची फिल्म भरलेली असे, आणि ती संपली की दहा डॉलरांसह सगळा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात धाडावयाचा, तिकडून छायाचित्रांच्या प्रती आणि नव्याने भरलेला कॅमेरा परत यावयाचा. तेथून हाती कागद तरी येत असे. त्याच कोडॅकच्या अभियंत्याने, स्टीव्ह सॅसनने, १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनविला, ज्याला एक छायाचित्र कॅसेटवर नोंदविण्यास तेवीस सेकंद लागत. आणि तीच कंपनी २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेली, त्याच वर्षी जुलैत तिने आपले ऑनलाइन छायाचित्रांचे भांडार बंद करून ग्राहकांची छायाचित्रे दुसऱ्या कंपनीच्या हवाली केली. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. या घटनांत कोणावर आरोप करण्याचा माझा हेतू नाही. व्यापारी संस्था उदयास येतात, शर्ती बदलतात, मावळतात. आपल्या आईवडिलांचे चेहरे मात्र त्यांच्या मुदतीवर अवलंबून ठेवू नयेत. वर्षातून निवडक छायाचित्रांच्या कागदी प्रती काढून, मागे पेन्सिलीने नावे लिहून, घरात ठेवाव्यात. सांगलीत किंवा मिरजेत कोणताही स्टुडिओ हे काम करून देतो.

इतके सांगूनही ही फ्रेम घेऊ नये असे मी कोणाला म्हणणार नाही. आक्काच्या घरातील ती बाजूला काढा असे कोणी म्हणाले तर मी विरोधच करीन. पण ज्यांनी ती आईवडिलांच्या घरी ठेवली आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. छायाचित्र पाठविताना त्याखाली दिवस, ठिकाण आणि माणसांची नावे देवनागरीत लिहा. पुढच्या फोनवर औषधांची चौकशी झाली, की फ्रेमवर काल काय दिसले ते आठवणीने विचारा. दोन-चार दिवसांत नवे काही दिसले नाही असे उत्तर आले, किंवा "आहेत तेवढे पुष्कळ आहेत" असे आले, तर त्याच दिवशी शेजारच्या कोणाला तरी राउटर पाहण्यासाठी घरी पाठवा.